यवतेश्वरच्या चढावर अडखळणारी गाडी

बाईंनी गाडी साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजच्या दारात लावली तेव्हा डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता. आयडलिंग स्थिर, आवाज स्वच्छ, रेस केली की इंजिन लगेच उचलत होतं. "आत्ता नाही करणार ती काही," बाई म्हणाल्या. "पोवई नाक्यावरून इथपर्यंत सरळ आली बघ. यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की सुरू होतं."

बाई म्हणजे मला पाचवीला गणित शिकवणाऱ्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी अजून स्वतःच चालवतात. कासच्या वाटेवरच्या एका गावात त्यांचं माहेरचं घर आहे, तिथे आठवड्यातून एकदा तरी फेरी असते. गाडी २००९ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसीची, ८६ हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव मी देत नाही, कारण जो दोष शेवटी सापडला तो त्या कंपनीचा नाही. सोळा वर्षं चाललेल्या कुठल्याही गाडीत तो निघू शकतो.

तक्रार अशी होती: चढावर जोर लावताना गाडी क्षणभर मरगळते, कुणीतरी रेस सोडून परत दिल्यासारखी, आणि पुन्हा ओढायला लागते. एखाद्या फेरीत असं चारदा होतं, तर पुढच्या तीन फेऱ्यांत एकदाही नाही. मधूनच इंजिनचा पिवळा दिवा लागतो, दोन-चार दिवस राहतो आणि आपोआप जातो. दिवा लुकलुकत नाही, एकसारखा पेटून राहतो. हे मी मुद्दाम विचारून घेतलं. दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडर इतकं मिसिंग करत असतं, की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळण्याची वेळ आलेली असते. तशी गाडी चालवूच नये. इथे तसं नव्हतं.

गाडी माझ्याकडे येण्याआधी आठ महिने दोन ठिकाणी फिरून आली होती. प्लग बदलले, काही फरक पडला नाही. इग्निशन कॉइल बदलली, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, मग पेट्रोल पंप बदलला. दुसऱ्या ठिकाणी गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी ०१०७ हा कोड निघाला. मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचं सिग्नल नको इतकं खाली गेलं, असा त्याचा अर्थ. म्हणून मॅप सेन्सर नवा टाकला. तीन आठवड्यांनी दिवा परत लागला, तेव्हा कोड निघाला पी ०१२२, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं सिग्नल खाली. आता अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली होती. तोवर साडेअकरा हजार रुपये खर्च झाले होते. थ्रॉटल बॉडीचा आकडा ऐकून बाई माझ्याकडे आल्या. येताना जुना मॅप सेन्सर पिशवीत घालून आणला होता आणि एक वही.

वहीत तारखा होत्या. मी ती वरवर चाळली आणि बाजूला ठेवली. ते चुकलंच.

बिघाड समोर दिसत नसेल तर नेहमीच्या गोष्टी आधी तपासून घ्याव्या लागतात, तेवढ्या मी घेतल्या. स्कॅनर लावला तर कोड शून्य, कारण आधीच्या माणसाने ते पुसले होते. याचं मला फार वाईट वाटतं. कोड नोंदला जातो त्या क्षणी इंजिनचे फेरे, गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, इंजिनवरचा भार हे सगळं ईसीयू (इंजिनचा संगणक) एका चौकटीत साठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती चौकटही जाते. बॅटरीची तार काढून दिवा घालवणाऱ्यांकडूनही हेच होतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा हा एकमेव साक्षीदार असतो, आणि आपण त्यालाच सगळ्यात आधी घालवतो.

बाईंच्या पुतण्याला पेट्रोलवर संशय होता. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यापासून जुन्या गाडीचं काहीही बिनसलं की लोक इथेनॉलकडे बोट दाखवतात, म्हणून ते नीट बघितलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा, तर वीस टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. जुना ईसीयू हे ऑक्सिजन सेन्सरवरून ओळखतो आणि इंधन थोडं वाढवत नेतो. ती वाढ स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम म्हणून दिसते. इथे ती अधिक पाच टक्के होती आणि तिथेच स्थिर होती. एवढी वाढ या पेट्रोलला शोभणारी आहे, आणि ती सपाट रस्त्यावरही असते, चढावरही असते. इथेनॉल फक्त यवतेश्वरच्या वळणावर अर्धा सेकंद त्रास देऊन गप्प बसणार नाही. इथेनॉलने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या खराब होऊ शकतात हे मी नाकारत नाही, पण या गाडीचा त्रास तो नव्हता.

उंदरांचाही तपास केला. बॉनेटखाली लेंड्या नाहीत, कुरतडल्याच्या खुणा नाहीत.

मग इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचा आकडा बघितला. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या जवळ असतो. सातारा सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर, तिथे ९३ यायला हवा. आला ९३. कासच्या पठारावर हाच आकडा ८८ च्या जवळ जातो. सेन्सर चांगला आहे की नाही हे बघायची याहून सोपी आणि फुकटची तपासणी मला माहीत नाही. थ्रॉटल सेन्सर पेडल सोडलेलं असताना ०.६ व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर ४.४ देत होता, मध्ये कुठे खळगा नाही. म्हणजे दोन्ही सेन्सर चांगले होते.

इथे माझी दिशा चुकली. जुन्या गाड्यांमध्ये अर्थचे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला आणि बॉडीला जोडणाऱ्या तारांचे, बोल्ट गंजतात आणि त्यातून चित्रविचित्र कोड येतात, हे शंभरदा बघितलेलं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरली आणि स्टार्टर मारायला सांगितलं. ०.३१ व्होल्ट. चांगल्या अर्थला हे ०.२ च्या आत असावं. गिअरबॉक्सवरची अर्थ पट्टी काढली तर खाली हिरवट थर. घासून, कानस मारून, ग्रीस लावून बसवली, आकडा ०.०९ वर आला. खरा दोष सापडला, खरा दुरुस्त झाला, मीटरवर दिसला. मला वाटलं काम झालं. बाईंना गाडी दिली आणि एवढंच सांगितलं की दिवा लागला तर कुणालाही कोड पुसू देऊ नका.

दोन दिवसांनी सकाळी फोन आला. "अरे, लागला बघ दिवा. आणि पुसलेला नाही."

या वेळी स्कॅनरवर दोन्ही कोड एकदम होते, पी ०१०७ आणि पी ०१२२. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ताशी १४ किमी, फेरे १८५०, पाणी ९१ अंश, भार ऐंशी टक्क्यांच्या वर. हे समोर आलं आणि मी कागद घेऊन बसलो. हे आधीच करायला हवं होतं.

दोन वेगवेगळे सेन्सर एकाच क्षणी बिघडत नाहीत. बिघडल्यासारखे दिसले तर त्या दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं. या दोघांत दोन तारा सामाईक आहेत: ईसीयूकडून येणारा पाच व्होल्टचा पुरवठा आणि सेन्सरची अर्थ. सिग्नलची तार मात्र प्रत्येकाची वेगळी. आता दोन्ही कोड "खाली" असं सांगतात. सेन्सरची अर्थ तुटली तर सिग्नलला खाली जायला वाटच राहत नाही, ते पाच व्होल्टकडे वर चढतं आणि कोड येतात पी ०१०८ आणि पी ०१२३. पाच व्होल्टचा पुरवठा गेला तर सिग्नल शून्याकडे पडतं, आणि तेव्हाच ०१०७ आणि ०१२२ येतात. म्हणजे अर्थचा संशय कोडच्या शेवटच्या आकड्यानेच खोडून काढला होता. गंजलेली पट्टी साफ करणं गरजेचं होतं, पण त्या कामाचा या तक्रारीशी संबंध नव्हता.

इंजिन का अडखळतं तेही इथे उलगडतं. या गाडीत आत जाणारी हवा थेट मोजणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला दाब, फेरे आणि हवेचं तापमान यांवरून ईसीयू हवेचा हिशेब करतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. दाब एकदम शून्य दिसला की त्याच्या लेखी हवाच नाही, म्हणून तो इंजेक्टरचा वेळ कापतो. गाडी मरगळते ती तेव्हा. पुढच्याच क्षणी त्याच्या लक्षात येतं की चालत्या इंजिनात इतका कमी दाब असूच शकत नाही. मग तो सेन्सरला बाजूला ठेवून ठरावीक आकड्यावर काम चालवतो आणि गाडी पुन्हा ओढते. बाई जे सांगत होत्या, "रेस सोडून परत दिल्यासारखी", ते शब्दशः बरोबर होतं. ईसीयूने तेच केलं होतं.

मग वही उघडली. या वेळी नीट, पहिल्या पानापासून. बाईंनी रकाने आखले होते: तारीख, जागा, गिअर, एसी चालू की बंद, पाऊस, गाडीत किती माणसं. एकतीस नोंदी होत्या. पावसात झालं, उन्हात झालं. एसी चालू असताना झालं, बंद असतानाही झालं. पण गिअरच्या रकान्यात पहिला आणि दुसरा सोडून काही नव्हतं. महामार्गाने पुण्याला तीनदा जाऊन आल्या, खंबाटकीत ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्यात रांगताना दोनदा झालं, बाकी मोकळ्या रस्त्यावर एकदाही नाही. गाडीत चार माणसं असली की जास्त. आणि एक गोष्ट त्यांनी लिहिली नव्हती, ती मी फोनवर विचारली. त्यांच्या अंगणातून रस्त्यावर यायला उताराकडून चढावर रिव्हर्स घ्यावी लागते, इंजिनवर चांगलाच ताण येतो. तिथे कधी झालं?

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. "नाही रे. रिव्हर्समध्ये एकदाही नाही."

पावसाचा, उन्हाचा, एसीचा संबंध नाही. पुढे जाताना खालच्या गिअरमध्ये जोर लावला की होतं, रिव्हर्समध्ये तेवढाच जोर लावला तरी होत नाही. या दोन्हींत विजेच्या दृष्टीने काहीच फरक नाही. फरक फक्त इंजिन कुठल्या बाजूला कलतं यात आहे. आडव्या बसवलेल्या इंजिनाने चाकं पुढे ढकलली की त्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनाचा माथा मागे, केबिनकडे झुकतो; रिव्हर्समध्ये तो पुढे, रेडिएटरकडे झुकतो. इंजिनाला बॉडीवर धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर चांगलं असेल तर हे झुकणं थोडंसंच असतं. रबर फाटलेलं असेल तर इंजिन खूप जास्त हलतं. म्हणजे पाच व्होल्टची तार इंजिनाच्या मागच्या बाजूला कुठेतरी दाबली जाऊन गाडीच्या लोखंडाला टेकत असणार. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कितीही तारा हलवून बघितल्या तरी हे दिसणं शक्य नव्हतं, म्हणून आधीच्या दोन ठिकाणच्या कारागिरांना मी यात फारसा दोष देत नाही. कोड पुसल्याचा देतो.

खात्री करायला घाटात गेलो. स्कॅनरवर एकावेळी दहा आकडे निवडले तर प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि अर्ध्या सेकंदाचा झटका मधल्या फटीत निसटतो. म्हणून तीनच घेतले: फेरे, मॅप, थ्रॉटल. मी स्वतः चालवत यवतेश्वरपर्यंत गेलो, काही झालं नाही. खाली आलो आणि बाईंना चालवायला सांगून मी शेजारी बसलो. मी वळणाआधी गिअर पाडून फेरे वर ठेवत होतो. बाई दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अगदी मंद होऊ देतात आणि वळण संपलं की एकदम पाय देतात, त्यामुळे इंजिन जास्त झुकतं. तिसऱ्या वळणावर झालं. मोबाइलवरच्या आलेखात मॅप ८४ वरून एकदम तळाला, थ्रॉटलही त्याच ओळीत शून्यावर, आणि लगेच दोन्ही परत जागेवर. पाय पेडलवरच होता. गाडी ज्याने चालवताना बिघडते त्यालाच चालवू द्यावी, हे मी त्या दिवसापासून कटाक्षाने पाळतो.

गॅरेजमध्ये परत आल्यावर चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, समोर कुणालाही उभं राहू दिलं नाही. गॅरेजमधल्या मुलाला पहिल्या गिअरमध्ये ब्रेक दाबून हाफ क्लचवर क्षणभर जोर द्यायला सांगितला आणि मी बाजूने पाहिलं. इंजिनाचा माथा दीड-दोन इंच मागे गेला. मागचं माउंटिंग खालून बघितलं तर रबर मधोमध चिरलेलं, दोन धातूंमध्ये नुसतं लोंबत होतं.

शेवटची तपासणी बॅटरी काढून केली. ईसीयूचा कपलर काढला, दोन्ही सेन्सरचे कपलर काढले, म्हणजे पाच व्होल्टची तार दोन्ही टोकांनी मोकळी. मल्टिमीटर बीपवर ठेवून (दोन पिनांमध्ये जोड लागला की तो वाजतो) एक पिन त्या तारेला, दुसरी बॉडीला. शांत. मग लाकडी दांडा घालून इंजिन मागे रेटलं. मीटर वाजलं. सोडलं, थांबलं. परत रेटलं, परत वाजलं. आठ महिन्यांची तक्रार आता गॅरेजमध्येच हवी तेव्हा वाजवता येत होती, याचा मला झालेला आनंद सांगता येणार नाही. बाईंना बोलावून तो आवाज ऐकवला.

जागा शोधायला मग दहा मिनिटंही लागली नाहीत. वायरिंगचा लूम, म्हणजे तारांचा जुडगा, केबिनच्या पत्र्यातून बाहेर येऊन थ्रॉटल बॉडीकडे जातो. त्याला पत्र्याजवळ धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली होती, बहुतेक जुन्या कुठल्यातरी कामात. सुटलेला लूम खाली येऊन, इंजिन उचलायचा लोखंडी हुक हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागे असतो, त्याच्या कडेसमोर लोंबत होता. माथा मागे आला की हुकाची धार लूमला पत्र्यावर दाबायची. वरची काळी नळी तिथे झिजून फाटली होती आणि आत एका तारेचं तांबं मुगाच्या दाण्याएवढं उघडं पडलं होतं. तीच पाच व्होल्टची तार, दोन्ही सेन्सरकडे फुटण्याच्या आधीची. तिच्या शेजारी इंजेक्टरच्या एका तारेवरही कड उमटली होती, आतपर्यंत गेली नव्हती. ती महिन्या-दोन महिन्यांत उघडी पडली असती.

तारेचा खराब झालेला इंचभर तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर केलं, वर श्रिंक स्लीव्ह. इंजिनाजवळ नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी मी ठेवत नाही. उष्णतेने टेपचा चिकटा वितळतो आणि थरथरीने तार सुटते. इंजेक्टरच्या तारेलाही स्लीव्ह घातली. लूमवर नवी नळी, कापडी टेप, आणि पत्र्याला बोल्टने रबरी अस्तराची क्लिप. हुकाची धार कानसेने गोल केली. माउंटिंग नवं घातलं. ते बदलायलाच हवं का, असं बाईंनी विचारलं, कारण तार तर सांधली होती. मी म्हटलं, बाई, तार उघडी पडली ती माउंटिंगमुळे. ते तसंच ठेवलं तर इंजिन उद्या दुसरी तार शोधेल, सायलेन्सरचा जोडही ताणेल. त्यांनी मान डोलावली. माउंटिंग आणि मजुरी धरून एकूण खर्च तीन हजार दोनशे.

एक काम मी हट्टाने केलं. पिशवीतला जुना मॅप सेन्सर परत बसवला आणि नवा बाईंच्या हातात दिला. जुन्यानेही ९३ दाखवले. गाडी त्याच्यावरच चालू आहे.

कोड या वेळी मुद्दाम पुसला नाही. दोष परत न येता सलग तीन फेऱ्या झाल्या की दिवा आपोआप विझतो, आणि पुढे इंजिन गार-गरम होण्याच्या चाळीस पाळ्या नीट गेल्या की कोडही ईसीयूतून निघून जातो. दिवा चौथ्या दिवशी गेला. हजार किलोमीटरवर माउंटिंगचे बोल्ट परत आवळले, लूमच्या नळीवर घासल्याची खूण नव्हती. आता चार महिने आणि तेवीसशे किलोमीटर झाले, अख्खा पावसाळा कासच्या रस्त्यावर गेला. गेल्या आठवड्यात बाई हवा भरायला आल्या होत्या, तेव्हा स्कॅनर लावला. साठवलेले कोड शून्य. बाईंनी वहीत तारीख टाकून तेवढं लिहून घेतलं.